धूर एकाचा, वास दुसरीच्या पदरी

रुग्णालयातून रोग्यास घरी सोडतात, त्या वेळी नातेवाइकांच्या हाती एक कागद ठेवला जातो. कोणते औषध किती वेळा द्यावयाचे, जखमेवरची पट्टी केव्हा बदलावयाची, लघवीची नळी कोणत्या तारखेस काढावयाची, हे सारे त्यावर लिहिलेले असते. शहरांतून अलीकडे या कागदाच्या जोडीला एखाद्या ब्यूरोचा फोन क्रमांकही मिळतो. त्या क्रमांकावर बोलणे झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक परिचारिका दारात उभी राहते. वरखाली होणारी खाट, ऑक्सिजनचे यंत्र, सलाइनचा दांडा अशी रुग्णालयातील बरीच सामग्री तिच्या मागेपुढे घरात येते. रुग्णालयाची शिस्तही थोडीफार येते. येत नाही तो तेथील एक नियम. आणि तो इतका अंगवळणी पडलेला आहे की, आता त्याची पाटीसुद्धा कोणी वाचत नाही. धूम्रपानास मनाई, हा तो नियम होय.

हा नियम आपल्याकडे सहजासहजी आलेला नाही. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर 2 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानास बंदी घालण्याचा आदेश दिला. 2003 मध्ये संसदेने तंबाखूविषयक कायदा केला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून खाजगी कचेऱ्या व उपाहारगृहेदेखील या मनाईच्या कक्षेत आली. प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेत प्राध्यापकांच्या खोलीतील टेबलावर राखेने भरलेल्या बश्या असत, हे आजच्या विद्यार्थ्यांस सांगितले तर त्यांना ते खरे वाटत नाही. सार्वजनिक जागेतील धूर थोड्या वर्षांत पुष्कळच हटला, याबद्दल समाधान मानावयास हरकत नाही.

परंतु कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. तो तेथे थांबावा हेही सामान्यतः योग्यच होय. आपल्या घरात माणसाने काय खावे, काय प्यावे, केव्हा झोपावे हे सरकारने ठरवू लागणे कोणासही रुचणार नाही. प्रश्न उद्भवतो तो एकाचे घर हीच दुसऱ्याची कामाची जागा असते तेव्हा. दिवसाचे वा रात्रीचे बारा तास जी बाई तेथे पगारावर काम करते, तिच्या दृष्टीने ती खोली कारखान्याच्या खात्याहून किंवा बँकेच्या काउंटरहून तत्त्वतः वेगळी नाही. कामगारांच्या श्वासात धूळ व धूर जाऊ नये यासाठी उपाय योजणे 1948 च्या कारखाने अधिनियमाने मालकांवर बंधनकारक केले होते. गिरणीतील कामगारासाठी तेव्हाच मान्य झालेली गोष्ट रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला अद्याप आलेली नाही.

राष्ट्रीय पातळीवर प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी पाहणी 2016-17 मध्ये झाली, तिच्यानुसार देशातील 38.7 टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याच्या धुराचा संसर्ग होत होता. 2009-10 च्या पाहणीत हेच प्रमाण 52.3 टक्के होते. घट लक्षणीय आहे, तरीही उरलेला आकडा लहान नव्हे. महाराष्ट्रात मिश्री आणि चुन्याबरोबर मळलेली तंबाखू यांचेच राज्य अधिक, विडी-सिगारेटचे त्या मानाने कमी, हे खरे. पण घरी शुश्रूषेची गरज ज्यांना लागते त्यांत दमा, फुप्फुसाचे जुने दुखणे, पक्षाघात, हृदयविकार आणि तोंडाघशाचा कर्करोग झालेले वृद्ध पुरुष बरेच असतात, आणि या सर्व दुखण्यांशी तंबाखूचे नाते आहे. परिचारिकेला नेमक्या त्याच घरांत काम मिळते. शिवाय ओढणारा नेहमी रोगीच असतो असेही नाही. पुष्कळदा बाहेरच्या खोलीत बसलेला मुलगा, जावई किंवा भाऊ ओढत असतो, आणि दोन खोल्यांच्या घरात बाहेरची हवा व आतली हवा असा भेद उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, धूर समोर असेल तर खिडकी उघडावी. धूर गेला की प्रश्न मिटला. वस्तुस्थिती तशी नाही. सिगारेट विझल्यावर दिसणारा धूर नाहीसा होतो, परंतु त्यातील निकोटीन आणि इतर द्रव्ये भिंतींवर, पडद्यांत, गाद्यांत, कपड्यांत व केसांत बसतात आणि तेथून हळूहळू पुन्हा हवेत येत राहतात. 2009 च्या सुमारास अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी या शिळ्या धुरासाठी 'तिसऱ्या हाताचा धूर' हा शब्दप्रयोग रूढ केला. पहिला हात ओढणाऱ्याचा, दुसरा शेजारी बसणाऱ्याचा आणि तिसरा धूर विरल्यानंतर त्या जागी येणाऱ्याचा. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखविले की, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगास कारण होणाऱ्या वर्गातील नवी द्रव्ये तयार होतात. घरात हे आम्ल मुख्यतः धुराडे नसलेल्या गॅसच्या उपकरणांतून येते, हे आपल्याकडील स्वयंपाकघरे पाहता ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 2011 मध्ये सॅन डिएगो येथील अभ्यासकांनी धूम्रपान करणारी कुटुंबे सोडून गेलेली घरे तपासली. घरे सरासरीने दोन महिने रिकामी होती, त्यांची साफसफाई झालेली होती. तरीही भिंतींवर निकोटीन सापडले आणि नव्याने राहावयास आलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही सापडले.

परिचारिकेच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील माइन्त्स शहरात, जेथे धूम्रपानास पूर्ण मनाई आहे अशा एका चित्रपटगृहातील हवा येल विद्यापीठाच्या व जर्मन संशोधकांनी मोजली. खेळासाठी प्रेक्षक आत शिरू लागले की तंबाखूच्या धुरातील द्रव्यांचे प्रमाण एकदम वाढे. आणि मुलांच्या चित्रपटांपेक्षा मोठ्यांच्या चित्रपटांच्या वेळी ते अधिक असे. आत कोणीही ओढत नव्हते. प्रेक्षक आपल्या अंगावरून व कपड्यांवरून धूर घेऊन येत होते. त्यांतील काही द्रव्यांचे तासाभराचे प्रमाण एक ते दहा सिगारेटींच्या शेजारधुराइतके भरले. एका घरी बारा तास बसून बसने दुसऱ्या घरी जाणारी परिचारिका आपल्या पदरातून काय नेत असेल, हे यावरून समजते. दुसऱ्या घरी कदाचित महिन्याचे बाळ असते, कदाचित दम्याची रोगी असते.

शिळ्या धुराने माणसाच्या प्रकृतीस किती हानी होते याचे मोजमाप अद्याप चालू आहे. ताज्या शेजारधुराविषयी मात्र वाद उरलेला नाही. त्याची निर्धोक म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही, असा स्पष्ट निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलने 2006 च्या अहवालात दिला आहे. परंतु येथे प्रकृतीपेक्षाही आधी जाणवणारी एक हानी आहे आणि ती मोजण्यास प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थिनी होती. शुश्रूषेचा सहा महिन्यांचा कोर्स करून ती रात्री आठ ते सकाळी आठ एका वृद्ध गृहस्थांच्या घरी जात असे आणि तेथून परस्पर साडेनऊच्या तासाला येई. तासाला ती नेहमी शेवटच्या बाकावर, खिडकीकडेला, एकटी बसे. शेजारच्या मुलींनी जागा बदलल्या होत्या हे पुढे कळले. एकदा महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याने तिला जिन्यात अडवून, 'पाकीट कुठं लपवलंस?' असे विचारले. ती रडली नाही. घरी नवे काहीच नव्हते, असे तिने एका सहाध्यायिनीजवळ सांगितले. रोज दार उघडले की आई आधी तिचे केस हुंगत असे, मग चहा टाकीत असे.

आपल्या समाजात पुरुषाच्या सदऱ्याला सिगारेटचा वास आला तर तो कामावरून आला असे समजतात. बाईच्या पदराला आला तर ती कोठून आली असा प्रश्न पडतो. या भेदाची चीड यावी हे ठीकच, पण चीड येऊन तो नाहीसा होत नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेकडे चाळीतल्या आणि सोसायटीतल्या नजरा आधीच वळलेल्या असतात. त्यात हा वास साक्षीला उभा राहतो. ज्या गृहस्थाच्या सिगारेटचा तो वास असतो त्याला तर याची कल्पनाही नसते. घ्राणेंद्रियाचा स्वभावच असा की, सततच्या वासाची त्यास सवय होऊन जाते. 'आमच्याकडे कुठं वास येतो, सिस्टर?' असे ज्या घरात विचारतात, त्या घरातील माणसे खोटे बोलत नसतात.

मग ती काय करते? बहुतेक जणी प्रथम अत्तर किंवा सुगंधी पावडर वापरून पाहतात आणि फसतात. सुवासाने मूळ द्रव्य निघत नाही. दोन वास एकत्र होऊन तिसराच चमत्कारिक वास मात्र येऊ लागतो आणि संशय बळावतो. रोग्याच्या खोलीत उदबत्ती वा धूप लावणे त्याहून वाईट, कारण धुरात धुराची भर पडते आणि दमेकऱ्याला दोन्ही सारखेच बाधतात. हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली ओझोन वायू सोडणारी काही यंत्रे विकली जातात. ओझोन स्वतःच फुप्फुसास अपायकारक आहे. रोग्याच्या खोलीत त्यास थारा देऊ नये.

अनुभवी बाया जे करतात त्यास रसायनशास्त्राचा आधार सापडतो. निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य आहे. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून कपडे अर्धा तास भिजविले तर आम्लामुळे त्याचे पाण्यात सहज विरघळणारे क्षार बनतात व ते धुऊन जाते. नंतर नेहमीच्या साबणाने धुवावे. धुरातील काही द्रव्ये आम्लधर्मीही असतात. त्यांच्यासाठी साबणाच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. रक्ताळलेल्या चादरींसाठी परिचारिका हायपोक्लोराइटचे द्रावण वापरतात. ते आणि व्हिनेगर एका बादलीत कधीही एकत्र होता कामा नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. कपडे कडक उन्हात, वाऱ्यावर वाळवावेत. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने हे सोपे आहे. पावसाळ्यात खोलीत दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांतून वास जाता जात नाही, आणि ज्यांच्याकडे कामाचे दोनच जोड आहेत त्यांनी काय करावे हे सांगणे कठीण.

कामाचे कपडे वेगळे ठेवून ते रोग्याच्या घरीच बदलणे, केस सुती रुमालात बांधणे, पर्स व डबा खोलीबाहेर ठेवणे, उतरविलेला जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेणे हे सर्व उपाय चांगले आहेत. निघण्यापूर्वी केसांवरून अंघोळ करता आली तर सर्वांत उत्तम. पण या प्रत्येक उपायाला दुसऱ्याच्या घरातील काहीतरी लागते. कपडे बदलावयास बंद होणारे एक दार लागते, अंघोळीस न्हाणीघर आणि बादलीभर पाणी लागते, निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे लागतात. मोठमोठ्या घरांतूनही 'सिस्टरांनी बाहेरचा संडास वापरावा' असे सांगितले जाते. तेथे अंघोळीची गोष्ट कोण काढणार?

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास या साऱ्यात एक जुनी ओळखीची गोष्ट दिसते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 मध्ये आपल्या कल्याणविषयक ग्रंथात असे दाखविले की, एखाद्याच्या उद्योगाचा सगळा खर्च तो स्वतः सोसतोच असे नाही. त्यातील काही भाग व्यवहाराबाहेरच्या तिऱ्हाइतांवर पडतो आणि बाजारातील किमतीत तो उमटत नाही. गिरणीच्या धुराड्यातून निघणारा धूर हे त्यांनी दिलेले उदाहरण आमचे विद्यार्थी अजूनही परीक्षेत लिहितात. त्या उदाहरणाखाली पिगूंनी एक हिशेब दिला आहे, तो मात्र सहसा कोणी वाचत नाही. धुराने काळवंडलेले मँचेस्टर आणि स्वच्छ हवेचे हॅरोगेट या दोन शहरांतील कामगार कुटुंबांच्या धुलाईच्या खर्चाची 1918 मध्ये तुलना करण्यात आली होती. मँचेस्टरच्या घराला आठवड्यास साडेसात पेन्स अधिक खर्च येत होता. सगळ्या शहराचा मिळून हा जादा खर्च वर्षास दोन लाख नव्वद हजार पौंडांवर गेला. यात साबण, इंधन इत्यादी वस्तूंचा खर्चच काय तो धरला होता. कपडे धुण्याचे जादा श्रम हिशेबातून वगळल्याचे तेथेच नमूद केलेले आहे. ते श्रम कोणाचे, हे सांगण्याची गरज नाही. शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि परिचारिकेच्या व्हिनेगरचा, साबणाचा व रात्री दहाला घरी पोहोचून कपडे भिजत घालण्याचा हिशेब आजही कोणाच्याच वहीत नाही.

याला बाजाराकडे उत्तर आहे असे काहीजण म्हणतील. ॲडम स्मिथ यांनी 1776 मध्येच लिहून ठेविले आहे की, काम जितके कष्टाचे, अस्वच्छ किंवा अप्रतिष्ठेचे, तितकी त्याची मजुरी अधिक असली पाहिजे. म्हणजे धूम्रपानाच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेस रोज थोडे जास्त मिळावे. प्रत्यक्षात तसे घडताना दिसत नाही, कारण ब्यूरोकडून फोन येतो तेव्हा तिला पत्ता कळतो, पाळी कळते, रोग कळतो. घरात कोण ओढते हे कळत नाही. ते कळते पहिल्या दिवशी दार उघडल्यावर, आणि तेव्हा परत फिरले तर पुढचा फोन केव्हा येईल याचा भरवसा नसतो. शिवाय जास्त पैसे देऊन असली जागा भरणे हा मार्ग मला स्वतःला पसंत नाही. ज्या बाईला पैशाची निकड सर्वांत जास्त, तीच तेथे जाईल आणि आपले फुप्फुस भाड्याने दिल्यासारखे होईल.

रोनाल्ड कोस यांनी 1960 मध्ये या प्रश्नाला वेगळीच कलाटणी दिली. ते म्हणाले, उपद्रव दोन्ही बाजूंनी असतो. एकाला धूर सोसावा लागतो, तर धूर बंद केल्यास दुसऱ्याला आपले सुख सोडावे लागते. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करण्यास खर्च पडत नसेल तर दोघे आपसांत समजूत घालतील. यातील 'पडत नसेल' या शब्दांत सगळी मेख आहे. अंथरुणास खिळलेला म्हातारा, त्याची थकलेली बायको, नोकरीवर गेलेला मुलगा, ब्यूरोचा व्यवस्थापक आणि रोजावर काम करणारी परिचारिका यांच्यात बोलणी होणे अशक्य नाही. पण बोलण्याची किंमत यांपैकी एकीलाच मोजावी लागते.

रोग्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. पन्नास वर्षांची सवय असलेला माणूस, ज्याला आता चालता येत नाही, ज्याचे मित्र निघून गेले आहेत, त्याला सकाळच्या चहाबरोबरची सिगारेट हाच स्वतःच्या मर्जीने करावयाचा एकमेव व्यवहार उरलेला असतो. त्याच्या हातून ती हिसकावून घेणे परिचारिकेचे काम नव्हे, आणि कोणी भली परिचारिका तसे करीतही नाही. 'आजोबा, मी अंथरूण बदलते तेवढ्यात गॅलरीत बसून घ्या' एवढेच ती म्हणते, आणि चाकाची खुर्ची स्वतः ढकलीत नेते. असल्या चतुराईने पुष्कळ घरांतील दिवस सुरळीत पार पडतात. यात तिला डॉक्टरची साथ मिळाली तर अधिक बरे. एकाएकी सिगारेट बंद झाली की रोगी अस्वस्थ होतो, चिडतो, झोपत नाही; त्यास निकोटीनची चघळण्याची गोळी किंवा कातडीवर लावावयाची पट्टी देता येते, आणि सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची 1800-11-2356 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 2016 पासून आहे. रुग्णालयाने घरी सोडतानाच हे सांगावयास हवे.

एका बाबतीत मात्र रोग्याची मर्जी बाजूस ठेवावीच लागेल. घरात ऑक्सिजनचे यंत्र किंवा सिलिंडर चालू असताना सिगारेट पेटविणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कापड, केस, प्लॅस्टिकची नळी भडकून पेटतात. नाकात नळी असताना ओढल्याने चेहरे होरपळल्याच्या घटना डॉक्टरांना परिचित आहेत. अशा वेळी परिचारिकेने स्पष्ट नकार द्यावा, आणि तिच्या नकारामागे ब्यूरोने उभे राहावे.

हा प्रश्न इतर देशांनी कसा सोडविला? इंग्लंडने 1 जुलै 2007 पासून सर्व बंदिस्त कामाच्या जागांत धूम्रपान बंद केले, पण त्यासोबतच्या नियमांत खाजगी घर वगळले. एवढेच नव्हे, तर घरात कोणी रोग्याची शुश्रूषा करावयास किंवा घरकामास येत असेल तर तेवढ्यावरून ते घर मनाईखाली येणार नाही, असे मुद्दाम लिहिले. म्हणजे परिचारिका कायदेमंडळाच्या नजरेतून सुटली नव्हती. तिला पाहूनच बाहेर ठेवण्यात आले. तेथील परिचारिकांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संस्थेने 2006 मध्येच घरोघर जाणाऱ्या सेविकांच्या धुरापासूनच्या संरक्षणासाठी मार्गदर्शिका काढली होती. परिचारिका येण्यापूर्वी तासभर व ती असेपर्यंत कोणी ओढू नये, अशी लेखी विनंती तेथील आरोग्यसेवा घरांना करतात. तासाभरात सगळा धूर जात नाही हे वर आलेच आहे. तरी विनंती संस्थेच्या नावाने जाते आणि परिचारिकेला स्वतः तोंड उघडावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

आपल्याकडे कायद्याची जमीन अगदीच नापीक आहे असे नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या संज्ञेत राहत्या घराचा स्पष्ट समावेश केलेला आहे. एका प्रयोजनासाठी जे मान्य झाले ते दुसऱ्या प्रयोजनासाठी मान्य होण्यात तर्काची अडचण नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 2011 मध्ये घरकामगारांविषयीचा 189 क्रमांकाचा करार संमत केला. सुरक्षित व आरोग्यपूर्ण कामाची जागा हा प्रत्येक घरकामगाराचा हक्क असल्याचे त्यात म्हटले आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्यास रीतसर मान्यता अजून दिलेली नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याचा भर मात्र नोंदणी व साहाय्यावर आहे.

कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. घरात पोलीस पाठवून धूम्रपान थांबवावे असे प्रस्तुत लेखकास मुळीच वाटत नाही. ब्यूरो घरमालकाकडून जो फॉर्म भरून घेतात, त्यात रोग्याचे वय, वजन, आजार, पाळी, जेवणाची सोय, जात विचारू नये असे असूनही कोठेकोठे जातसुद्धा, अशी बरीच माहिती असते. त्यात आणखी एक रकाना घालावा: घरात कोण, कोणत्या खोलीत, दिवसातून किती वेळा ओढते. फोन करतानाच ही माहिती परिचारिकेला द्यावी, आणि गरोदर किंवा दम्याच्या परिचारिकेने नाही म्हटले तर तिच्या नावावर फुली मारू नये. रोग्याच्या खोलीत परिचारिका असेपर्यंत ओढणार नाही, ती येण्याआधी तासभर खिडक्या उघड्या ठेवू, कपडे बदलण्यास खोली व जाण्यापूर्वी अंघोळीस पाणी देऊ, एवढ्यावर मालकाची सही घ्यावी. दोन घरे करणाऱ्या परिचारिकेला धुराच्या घरानंतर बाळाच्या घरी पाठवू नये. पाळ्यांचा क्रम उलटा लावला तरी पुष्कळ काम होते.

आणि ब्यूरो आपले कमिशन कापून जी रक्कम तिच्या हाती देतो, त्या पावतीवर धुलाईभत्ता म्हणून एक वेगळी ओळ असावी. सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांना गणवेश व धुलाईसाठी भत्ता देण्याची पद्धत जुनीच आहे, तेव्हा यात नवे असे काही मागितले जात नाही. ही रक्कम घरमालकाच्या बिलात दाखवावी, म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या किमतीखेरीज आणखी काही पैसे आपण कोणाला तरी देणे लागतो, हे त्या घरातही महिन्यातून एकदा वाचले जाईल.